आवाजाचं बटण

गुरू-शिष्याची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लगेच पर्णकुटी उभी राहते. दाराशी हरीण, अंगणात तुळस, आणि गुरूंना छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी. या गोष्टीतले गुरू रोज सकाळी गुळगुळीत दाढी करत, आणि त्यांच्या दाराशी हरणाच्या जागी एक रागीट बोका बसलेला असे. शिष्य स्कूटरवरून येई. तरीही ही गुरू-शिष्याचीच गोष्ट आहे. एका सुज्ञ वृद्धानं काहीतरी विचित्र केलं, शिष्य गोंधळला, मग त्याला कळलं. आणखी काय लागतं?

तर एका तालुक्याच्या गावी निरंजन नावाचा एक तरुण राहत होता. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात काम करी. गिऱ्हाईकाच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, एकेक काच बदलायची, आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की हे स्पष्ट?" या कामात तो निष्णात होता. पण त्याचा जीव मात्र गाण्यात. घरातल्या मागच्या खोलीत त्यानं आपला स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ म्हणजे एक लॅपटॉप, एक हेडफोन, एक माइक, आणि भिंतींचा प्रतिध्वनी अडवण्यासाठी खिळ्यांना टांगलेल्या तीन जुन्या रजया. पाहुणे मुक्कामाला आले की स्टुडिओ उतरवून त्यांच्या अंगावर घालावा लागे.

संगणकावर गाणं सजवायचं तर प्लगइन लागतात. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. प्लगइन म्हणजे ध्वनिमुद्रणाला जोडायची छोटी छोटी यंत्रं, हातात न धरता येणारी, पडद्यावरच दिसणारी. एक आवाजाला देवळातल्यासारखा घुमारा देतं, एक खरखर काढतं, एक बारीक आवाज भरदार करतं. विकतची प्लगइन्स महाग असतात आणि निरंजनचा खिसा बेताचा. पण जगात उदार माणसंही पुष्कळ. कुणी हौसेखातर, कुणी विद्येच्या प्रेमापोटी अशी यंत्रं घडवतो आणि लोकांना चक्क मोफत देऊन टाकतो. इंटरनेटवर त्यांचा नुसता सुकाळ आहे.

निरंजनला हा सुकाळ सापडला आणि त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. एकट्या घुमाऱ्याचीच इतकी प्लगइन्स त्यानं गोळा केली की देवळाचा घुमारा वेगळा, गुहेचा वेगळा, न्हाणीघराचा वेगळा. कुठलं प्लगइन काय करतं हे त्याला धड आठवतही नसे. पण 'आजच्या दिवस मोफत' असं दिसलं की त्याचं बोट आपोआप खाली दाबलं जाई. ती सगळी यादी उघडायला लॅपटॉपला एवढा वेळ लागे की तेवढ्यात चहा होऊन कप विसळूनही व्हायचा.

"त्या यादीत कपडे वाळत घालणारं एखादं असेल तर बघ," त्याची बायको अनघा म्हणायची. "फुकट असेल तरच हं."

अशात त्यांच्या घरी मुलगी झाली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, आणि फुप्फुसं अशी दणकट की पलीकडच्या गल्लीत कळावं. बारसं रविवारी ठरलं. आता बारशात बापाला फारसं काम नसतं. पेढे आण, सतरंज्या झटक, यापलीकडे त्याला कुणी विचारत नाही. तो दिवस आत्याचा. पाळणा म्हणायचा आत्यानं, बाळाच्या कानाशी लागून 'कुर्रर्र' करायचं आत्यानं, आणि नाव सांगायचंही आत्यानंच.

निरंजनची एकुलती एक बहीण मृणाल, घरची मिनू, दूर मस्कतला एका इस्पितळात परिचारिका होती. तिनं रजेचा अर्ज केव्हाच टाकला होता. तिचा फोन आला तो रडतच.

"दादा, नाही दिली रे रजा. त्या दिवशी माझी ड्यूटी आहे. वॉर्डात फोनसुद्धा नेऊ देत नाहीत, कपाटात ठेवावा लागतो. म्हणजे व्हिडिओवरही नाही दिसणार मी तुम्हाला."

"अगं, रडू नकोस."

"रडू नको तर काय करू? एकच तर भाची मला! पाळणा कोण म्हणणार? नाव कोण सांगणार?"

"तू सुचवलेलं नाव आई सांगेल तुझ्या वतीनं. आणि पाळणा तूच म्हणायचा. फोनवर रेकॉर्ड कर आणि पाठवून दे. बाकी माझ्यावर सोड."

'बाकी माझ्यावर सोड' हे वाक्य कानावर पडलं की अनुभवी माणसानं सावध व्हावं. मिनू बिचारी सावध झाली नाही. ती एवढंच म्हणाली, "सजव तुला हवं तेवढं. पण दादा, आईला वाटलं पाहिजे की मी घरातच आहे. तेवढं कर." निरंजननं शब्द दिला.

ध्वनिफीत आली. मिनूनं आपल्या वसतिगृहाच्या खोलीत, वरच्या पंख्याच्या घरघरीत, स्वतःच रचलेला पाळणा म्हटला होता. आता इथे निरंजननं जे केलं ते नीट लक्षात घ्या, कारण घरबसल्या गाणी करणाऱ्या या नव्या कलावंतांची ही खास चूक आहे. त्यानं ते गाणं आधी जसं आलं तसं ऐकलंच नाही! त्याच्याकडे प्लगइनांची एक माळ आधीच ओवून तयार होती. आलेला आवाज त्यानं थेट त्या माळेत सोडला आणि जे बाहेर आलं ते ऐकायला बसला.

मग त्यानं आणखी एक प्लगइन लावलं. बरं वाटलं. आणखी एक लावलं, आणखी बरं वाटलं. प्रत्येक यंत्रागणिक गाणं उठावदार होत चाललं. पाळण्यामागे त्यानं तंतुवाद्यांचा ताफा उभा केला, त्यामागे समुद्राची गाज सोडली, मिनूच्या एका आवाजाचे आठ आवाज केले. शुक्रवारी संध्याकाळी काम पुरं झालं तेव्हा त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आपल्याच कलाकृतीनं आपल्याच अंगावर काटा यावा, हे सुख काही औरच असतं.

आई मटार सोलत बसली होती. त्यानं तिच्या कानांवर हेडफोन चढवला. आईनं हातातली शेंग हातातच धरून गाणं पुरतं ऐकलं. तिचा चेहरा कौतुकानं फुलला होता.

"छान झालंय रे," हेडफोन काढून ती म्हणाली. "कोण गायलंय?"

निरंजनला वाटलं, आई थट्टा करतेय. तो हसला. आई हसली नाही.

"खरंच, कोण आहे? सिनेमातली वाटते कुणीतरी. मिनूनं पाठवला तो पाळणा कुठाय? तो ऐकव ना."

जिनं मिनूला जन्म दिला, जिला मिनूच्या नुसत्या शिंकेवरून तिची तब्येत कळते, तिला मिनूचा आवाज ओळखू आला नव्हता. आणि बारसं परवावर आलेलं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. निरंजननं काय करावं? तो पुन्हा इंटरनेटवर गेला आणि 'आवाज ओळखू यावा' यासाठी नवी चार मोफत प्लगइन्स उतरवून घेतली. त्यांनी मिनूचा आवाज इतका सुस्पष्ट केला की ती बँकेत टोकन नंबर पुकारते आहे असं वाटू लागलं.

शनिवारी सकाळी दुकानातून सुट्टी घेऊन, लॅपटॉप पाठीला लावून तो तात्यांकडे गेला.

तात्या माळवदे हे त्याचे गुरू. कॅसेटच्या जमान्यात तात्यांनी भजनी मंडळांपासून लोकनाट्यांपर्यंत असंख्य मंडळींचं ध्वनिमुद्रण केलं होतं. आता वय झालं होतं, पण कान शाबूत होता. ते जुन्याला कवटाळून बसलेले नव्हते. त्यांच्याकडेही संगणक होता आणि त्यावर मोफतची काही प्लगइन्सही होती. फक्त ती मोजकी होती. मनुष्य तसा हसतमुख, पण कामाच्या वेळी बोलणं कमी.

बोक्याची नजर चुकवून निरंजन आत शिरला.

"तात्या, मला एकच सांगा. गाण्याच्या आवाजासाठी सगळ्यांत चांगलं मोफत प्लगइन कुठलं?"

"आधी चहा घे," तात्या म्हणाले.

"तात्या, वेळ नाहीये हो! उद्या बारसं आहे. आईला मिनूचा आवाज ओळखूच येत नाहीये." आणि त्यानं सगळी हकीकत एका दमात सांगितली. "तिनं एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे."

तात्यांनी मान हलवली. "लाव बघू. ऐकू या."

लॅपटॉपची वायर तात्यांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडली गेली. त्याला आवाज कमी-जास्त करायचं वाटीएवढं गोल बटण होतं. तात्या त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि बटणावर बोटं ठेवून त्यांनी डोळे मिटले.

गाणं संपलं. तात्या म्हणाले, "भरपूर कष्ट घेतलेले दिसतात. आता एकेक प्लगइन बंद कर, मग चालू कर. प्रत्येक काय करतं ते मला दाखव."

निरंजनला हुरूप आला. दाखवण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. "हे बघा तात्या, हे आवाज भरदार करतं. आता बंद आहे. ऐकलंत? आणि आता हे चालू!"

त्यानं चालू केलं आणि त्याचा चेहरा पडला. काहीच विशेष झालं नाही. उलट आवाज जरा कोंदटच वाटला. त्यानं चमकून पाहिलं तर तात्यांनी नेमक्या त्याच क्षणी बटण किंचित मागे फिरवलं होतं.

"असू दे," तो मनात म्हणाला. "वयोमानानं बोटं थरथरली असतील." त्यानं दुसरं घेतलं. "हे गाण्याला चमक देतं. बंद... आणि चालू!"

तात्यांची बोटं पुन्हा मागे. बंद केलं की बोटं पुढे, चालू केलं की मागे. चमक काही दिसेना. तिसऱ्याला तेच, चौथ्याला तेच. जे प्लगइन घरी ऐकताना अंगावर काटा आणत होतं, ते इथे मिळमिळीत लागत होतं.

अखेर निरंजनचा संयम सुटला. "तात्या, तुम्ही मुद्दाम करताय!"

"हो," तात्या डोळे न उघडता म्हणाले.

निरंजनला राग आला, अपमानही वाटला. गुरूंना आपलं कौतुक बघवत नाही की काय, असा एक हीन विचारही त्याच्या मनाला शिवून गेला. "गाणं जिथे रंगात येतं नेमकं तिथेच तुम्ही आवाज पाडता," तो म्हणाला. "असं केलं तर कुठलंही प्लगइन वाईटच वाटणार!"

"वाटेल का? मग चांगलंच आहे की. चल, एक कर. तू डोळे मीट. बंद-चालू मी करतो. तू फक्त सांग, यातली मिनू कुठली."

धुसफुसत का होईना, निरंजननं डोळे मिटले. त्याला टकटक ऐकू येत होती, पण तात्या काय बंद करतात आणि काय चालू, हे कळायला मार्ग नव्हता. गाण्याचा जोर सारखाच राहत होता.

"हे, की हे?" तात्यांनी विचारलं.

"दुसरं."

"आता? हे, की हे?"

"पहिलं. पहिल्यात ती हसत गातेय. 'सोनुली' म्हणताना हसते ती, लहानपणापासून."

"आणि आता?"

असं बराच वेळ चाललं. निरंजनचा राग केव्हा ओसरला ते त्यालाही कळलं नाही. तो आता केवळ ऐकत होता, आणि जसजसा ऐकत होता तसतशी मिनू कुठूनतरी जवळ जवळ येत होती. शेवटी तात्या म्हणाले, "उघड डोळे."

पडद्यावर पाहिलं तर सगळी माळ विझलेली. जवळपास प्रत्येक वेळी निरंजननं जे 'मिनू' म्हणून निवडलं होतं, ते प्लगइनावाचूनचं होतं. एकच तेवढं चालू राहिलं होतं. पंख्याची घरघर थोडी दबवणारं एक साधंसं यंत्र, तेही मोफतचंच. ते त्यानं डोळे मिटूनही निवडलं होतं.

तात्यांनी आवाजाचं बटण पूर्ण मागे फिरवलं आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"निरंजना, तू दुकानात गिऱ्हाईकाचे डोळे तपासतोस. समज, नवी काच घातलीस आणि त्याच वेळी खोलीतला दिवा मोठा केलास. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणेल, आता स्वच्छ दिसतंय."

"काच चुकीची असली तरी?"

उत्तर निरंजनला ठाऊक होतं.

"कान भोळा असतो," तात्या सांगू लागले. "आवाज जरासा मोठा झाला की तो त्याला चांगला म्हणून मोकळा होतो. ही यंत्रं जोडली की बहुतेक वेळा आवाज थोडा वाढतो, आणि आपल्याला वाटतं गाणं सुधारलं. मी फक्त ती वाढ काढून घेत होतो, दुसरं काही नाही. वाढ काढल्यावर जे उरलं तेवढंच त्या यंत्राचं काम. तूच पाहिलंस किती उरलं ते."

"म्हणजे मोफतची प्लगइन्स वाईट असतात?"

"छे, छे! कोण म्हणतं? कुणीतरी कुठल्यातरी देशात बसून घाम गाळून ती घडवली आणि आपल्याला देऊन टाकली. त्याला मनोमन नमस्कार करावा. अरे, पंख्याचं काम आत्ता त्यानंच केलं ना? दोष यंत्राचा नाही. पण एक सांग. याच वस्तू पैसे मोजून घ्यायच्या असत्या, तर तू स्वतःला काय विचारलं असतंस?"

निरंजननं विचार केला. "याची मला गरज आहे का, असं."

"बस्स. फुकट मिळालं की तेवढा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. बाकी फुकटात काही खोट नसते." तात्या हसले. "आता शेवटपर्यंत एकदा ऐक तिला. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी ऐक."

आवाजाचं बटण हळूच पुढे सरकलं. खोलीत फक्त मिनू होती आणि तिच्यामागे दूरवर पुसटसा पंखा. मध्येच तिचा श्वास लागत होता, एका ओळीला सूर किंचित उतरला होता, आणि ते सगळं तिचं होतं. पाळणा संपला. निरंजननं थांबवायला हात पुढे केला.

"थांब, अजून फीत बाकी आहे," तात्या म्हणाले.

पंखा फिरत होता. पलंग करकरला. मग कुणीतरी फोनच्या अगदी जवळ ओठ आणावेत तसा श्वास ऐकू आला आणि त्यामागून, जेमतेम ऐकू येईल इतकं हलकं काहीतरी. निरंजन पुढे झुकला, त्यानं पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं.

त्याच्या माळेत एक असं प्लगइन होतं की आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ते दार लावून घेई, म्हणजे शांत जागी खरखर नको. फार गुणी यंत्र, सगळे त्याची तारीफ करतात. त्यानं मिनूचं ते शेवटचं बोलणं खरखर समजून साफ पुसून टाकलं होतं. मिनूनं काय पाठवलं होतं ते निरंजननं आज पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आता चहा घेणार का?"

या वेळी तो हो म्हणाला. दोघांनी मिळून चहा घेतला, आणि बोक्यानंसुद्धा त्या दिवशी त्याला सुखरूप जाऊ दिलं. तात्यांचं ते बटण आपल्याही हाताशी असावं असं मला पुष्कळदा वाटतं. एखादी गोष्ट आपल्याला पटते तेव्हा ती खरी आहे म्हणून पटते की मोठ्यानं सांगितली म्हणून, हे आवाज सारखा करून एकदा ताडून पाहावं.

रविवारी घर माणसांनी फुलून गेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांच्या काठापदराची सळसळ, पोरांचा दंगा, आणि स्वयंपाकघरातून येणारा जायफळाचा वास. तात्या कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसले होते. निरंजननं एक छोटासा स्पीकर पाळण्याच्या उशाशी, बाळापासून हातभर अंतरावर ठेवला होता. शेवटी काय आहे हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, अनघालासुद्धा नाही.

मुलीला पाळण्यात घातलं. आईनं दोरी हातात घेतली. मिनूच्या वतीनं नाव तीच सांगणार होती. निरंजननं गाणं सुरू केलं.

मिनूचा पाळणा खोलीत आला तो पायांचा आवाज न करता आला. पुढे बसलेल्या दोन-चार जणींनी माना वर केल्या. मागे गप्पांचा फड जोरात होता.

"अरे निरंजन, आवाज वाढव जरा!" मागून सदूकाका ओरडले. सदूकाका गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात आवाज वाढवायला सांगतात. "काही ऐकू येत नाहीये इकडे!"

निरंजनचा हात क्षणभर स्पीकरकडे गेला आणि परत आला. उत्तर आईनं दिलं, तेही वळून न पाहता.

"भावोजी, तुम्ही गप्प बसलात की येईल."

बायका खळखळून हसल्या. सदूकाकाही ओशाळून हसले आणि गप्प बसले. त्यांच्यामागे बाकीचे बसले. पोरांना कुणीतरी दटावलं. बघता बघता सगळं घर शांत झालं आणि त्या शांततेत मिनू गाऊ लागली. मोठ्यानं नाही, जशी ती संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून गायची तशी. 'सोनुली' म्हणताना ती हसली, आणि पाळण्याची दोरी ओढता ओढता आईही हसली. "माझी मिनू," ती शेजारणीला म्हणाली. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

निरंजननं दिलेला शब्द पाळला गेला होता. पण अजून गोष्ट संपली नव्हती.

गाणं थांबलं. आता नाव सांगायचं म्हणून आई पदर सावरून पाळण्यावर वाकली. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि तेवढ्यात उशाशी ठेवलेल्या त्या स्पीकरमधून श्वास आला. मग अगदी हलकेच, कानात सांगावं तसं, मिनू म्हणाली, "कुर्रर्र... मैथिली. तुझं नाव मैथिली हं बाळा. आत्यानं ठेवलंय."

आई वाकलेली तशीच राहिली. तिच्या तोंडातलं नाव तोंडातच राहिलं. आतल्या खोलीत चालू राहिलेल्या पंख्याचाही आवाज ऐकू यावा इतकं घर स्तब्ध झालं, आणि मैथिली तेवढी टकामका बघत होती.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आत्यानं नाव सांगितलं की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आत्या ओरडते, सगळ्या हसतात, मग पेढे वाटले जातात. आमच्याकडे बारसं त्याशिवाय पुरं होत नाही. सवयीनं बायकांचे हात वर गेले आणि तसेच थबकले. पाठ कुठे होती?

आई सरळ झाली. तिनं पदरानं डोळे टिपले, तो छोटा स्पीकर दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला, आणि त्याच्या मागच्या बाजूला हलकेच एक धपाटा घातला.

"लबाड कुठली," ती म्हणाली. "म्हणे रजा मिळाली नाही!"